बैल गाडीला ओढतो, गाडी बैलाला ओढते. मग गाडी हलते कशी?

दिवाळीच्या सुट्टीत भाची गावी आली होती. नववीत आहे. उसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला, त्यामुळे घरासमोरच्या रस्त्यावरून कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची पहाटेपासून रांग लागायची. ओसरीवर चहा पीत आम्ही दोघं त्या बघत बसलो होतो. एक गाडी नेमकी आमच्या समोरच कडेच्या ओल्या मातीत उतरली आणि अडकली. गाडीवानानं खाली उडी मारून चाकाला खांदा लावला. बैलांनी माना खाली घातल्या, मागचे पाय वाकवले, खूर मातीत रोवले आणि करकरत गाडी बाहेर आली.

ती पुढं गेल्यावर भाची म्हणाली, “मामा, एक विचारू? न्यूटनच्या तिसऱ्या नियमात दिलंय की बैल गाडीला जेवढ्या बलानं ओढतो, तेवढ्याच बलानं गाडी बैलाला मागं ओढते. मग दोन्ही बलं एकमेकांना खोडून काढणार ना? गाडी हलतेच कशी?”

मला मनापासून आनंद झाला. गतीच्या नियमांवर विचारता येईल असा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही. ‘प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी घोकलंय, पेपरात लिहून गुणही मिळवलेत. पण ते खरं मानलं तर जगात काहीच हलायला नको, असं वाटणं अगदी साहजिक आहे. ज्याला असं वाटतं त्यानं नियम खरोखर वाचलाय.

उत्तराकडे जाण्याआधी ‘बल’ हा शब्द नीट धरायला हवा. मराठीत आपण म्हणतो, ‘पैलवानाच्या अंगात बळ आहे’, ‘चेंडूत काय जोर होता’, ‘इंजिनात दम नाही’. या बोलण्यात बळ म्हणजे कुणाकडे तरी साठवलेली गोष्ट. भौतिकशास्त्रातलं बल तसं नाही. ते कुणाच्या अंगात नसतं, ते दोन वस्तूंच्या मधे असतं, भांडणासारखं. एकट्या माणसाचं भांडण होत नाही, तसं एकट्या वस्तूचं बल नसतं. म्हणून बलाचं नाव घेतलं की लगेच दोन प्रश्न विचारायचे: कोणी लावलं? कोणावर लावलं? दोन्हींची उत्तरं देता आली तरच ते बल मोजायचं. माझं ठाम मत आहे की तिन्ही नियम पाठ करण्याआधी ही एक सवय लागली, तर निम्मी वाट सरते.

भाचीला मी आधी एक छोटं कोडं घातलं. तू चेंडू सरळ वर फेकलास. तो हातातून सुटलाय आणि अजून वर चाललाय. या घडीला त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? ती म्हणाली, “खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण, आणि वर नेणारं हाताचं बल.” हाताचं? हात तर केव्हाच खाली राहिला. कोणी लावलं या प्रश्नाला इथं उत्तरच नाही. चेंडूवर पृथ्वीची ओढ आहे आणि हवेचा थोडा अडथळा आहे. वर जाणाऱ्या चेंडूवर ही दोन्ही बलं खालच्याच दिशेनं आहेत. वर ढकलणारं काहीही नाही.

“मग तो वर का जातोय?”

कारण तो आधीच वर जात होता. हाच पहिला नियम.

गोष्ट हलत राहायची तर तिला कुणीतरी सतत ढकलत राहावं लागतं, असं ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं मांडलं आणि पुढं जवळजवळ दोन हजार वर्षं बहुतेक सगळे तसंच मानत आले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण रोजचा अनुभव हेच सांगतो. बैल थांबले की गाडी थांबते. पॅडल मारणं सोडलं की सायकल थोड्या वेळानं उभी राहते. गॅलिलिओनं प्रश्न उलटा केला. गोळी एका उतारावरून सोडली तर ती समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत जाते. समोरचा चढ कमी तिरपा केला, तर तीच उंची गाठायला ती जास्त लांब जाते. चढ आणखी लोळवला तर आणखी लांब. आणि चढच काढून टाकून सपाट केला तर? तिला थांबायला कारणच उरत नाही.

हे घरात बघायचं तर कॅरम काढा. पावडर न टाकता स्ट्रायकरला टिचकी मारा, तो अर्ध्या वाटेत बसेल. मग बोर्डावर पावडर टाकून पुसा आणि तशीच टिचकी मारा. तो पलीकडच्या कडेला आपटून परत तुमच्याकडे येईल. टिचकी तीच, स्ट्रायकर तोच. बदललं ते फक्त त्याला अडवणारं घर्षण. म्हणजे बोर्डावर बलाची गरज स्ट्रायकरला चालतं ठेवायला लागत नव्हती, थांबवायला लागत होती, आणि ते काम घर्षण गुपचूप करत होतं. आपण आयुष्यभर घर्षणात राहतो, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. जिथं घर्षण नाही तिथं काय होतं, हे व्हॉयेजर १ दाखवतं. १९७७ साली सोडलेलं हे यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं सूर्यापासून दूर चाललंय. त्याची छोटी झोतयंत्रं फक्त अँटेनाचं तोंड पृथ्वीकडे ठेवायला वापरली जातात. पुढं ढकलणारं काहीच चालू नाही. सूर्याची क्षीण ओढ त्याचा वेग अगदी किंचित कमी करते, एवढंच.

वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात: थांबलेली थांबून राहू पाहते, चाललेली त्याच वेगानं त्याच दिशेनं चालत राहू पाहते. शब्द जड आहे, पण गावाकडची माणसं तो हातानं वापरतात. कुऱ्हाडीचं पातं सैल झालं की कुऱ्हाड पातं वर धरून उभी करतात आणि दांड्याचं खालचं टोक दगडावर आपटतात. दांडा दगडावर थांबतो, वरचं लोखंडी पातं मात्र खाली चाललेलंच असतं, ते दांड्यात घट्ट उतरून बसतं. पात्याला कुणी खाली ठोकलेलं नसतं.

आता दुसरा नियम. बल लावलं की काय होतं? वेग बदलतो. बल जितकं जास्त तितका वेग भराभर बदलतो, आणि वस्तुमान जितकं जास्त तितका तो हळू बदलतो. वेग बदलण्याच्या या दराला त्वरण म्हणायचं. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. एक किलो वस्तूचा वेग दर सेकंदाला ‘सेकंदाला एक मीटर’ इतका वाढवणारं बल म्हणजे १ न्यूटन. हातात अंदाज हवा असेल तर शंभर ग्रॅमचं वजन तळहातावर ठेवा, ते साधारण १ न्यूटननं खाली दाबतं. इथं ‘बल’ म्हणजे वस्तूवरच्या सगळ्या बलांची बेरीज-वजाबाकी करून उरलेलं बल. पाठ्यपुस्तक त्याला असंतुलित बल म्हणतं. ही वजाबाकीच पुढं आपल्या बैलांना सोडवणार आहे.

खुद्द न्यूटननं हा नियम संवेगाच्या भाषेत मांडला. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर. ‘चेंडूत जोर होता’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचा असतो तो संवेग. तो मात्र वस्तूजवळ खरोखर असतो. झेल घेताना हे हाताला कळतं. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा. तो सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगानं आला तर त्याचा संवेग ४.८. तो शून्यावर आणायचाच आहे, त्यात सवलत नाही. सवलत वेळेत आहे. हात ताठ ठेवून सेकंदाच्या दोनशेव्या भागात चेंडू थांबवला, तर सरासरी बल ९६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ शंभर किलोचं पोतं क्षणभर तळव्यावर. हात जवळजवळ हातभर मागं नेत सेकंदाचे तीन शतांश घेतले, तर तेच बल १६० न्यूटन. सहा पटींचा फरक, आणि तोही फक्त हात मागं नेल्यानं. हेल्मेटच्या आत जो थर्माकोलसारखा जाड थर असतो, त्याचंही काम हेच. तो चेपतो आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळवून देतो. आत हा थर नसलेलं शोभेचं हेल्मेट घालणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता परत बैलांकडे.

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ १६८७ साली लॅटिनमध्ये छापला गेला. त्यात तिसरा नियम सांगताना त्यानं दिलेलं उदाहरण भाचीच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. बोटानं दगड दाबला तर दगडही बोटाला दाबतो, असं सांगून तो पुढं म्हणतो की घोडा दोरीनं बांधलेला दगड ओढत असेल, तर घोडाही दगडाकडे तितकाच मागं ओढला जातो. म्हणजे ज्या जागी भाची अडखळली, ती जागा नियमाच्या मधोमध आहे.

मी कोळशाचा तुकडा घेतला आणि ओसरीच्या फरशीवर दोन चित्रं काढली. एकात फक्त गाडी. दुसऱ्यात फक्त बैल. दोन्ही वेगळी काढणं हीच खरी युक्ती, कारण वजाबाकी करायची ती एकाच वस्तूवरच्या बलांची. बैलानं गाडीवर लावलेलं बल गाडीच्या चित्रात जातं. गाडीनं बैलावर लावलेलं बल बैलाच्या चित्रात जातं. ती दोघं एका चित्रात कधी येतच नाहीत, मग एकमेकांना खोडणार कशी? माझ्या खात्यात शंभर रुपये जमा झाले आणि तुझ्या खात्यातून शंभर गेले, तर दोन्ही रकमा सारख्या म्हणून माझं पासबुक कोरं राहत नाही.

आकडे सोयीचे धरू. भरलेली गाडी १००० किलो, बैलजोडी मिळून ८०० किलो. बैल गाडीला जुवातून ६०० न्यूटननं पुढं ओढतात. चाकांचं आणि आसाचं घर्षण गाडीला ४०० न्यूटननं मागं धरतं. गाडीच्या चित्रात उरलं २०० न्यूटन पुढं. भागिले १००० किलो, त्वरण झालं ०.२. गाडी हलली.

आता बैलांचं चित्र. गाडी त्यांना ६०० न्यूटननं मागं ओढतेय, तिसऱ्या नियमाप्रमाणे तंतोतंत तेवढंच. तरी ते पुढं चाललेत, म्हणजे त्यांना कुणीतरी पुढं ढकलत असलं पाहिजे. कोण? भाची बराच वेळ चित्राकडे बघत बसली.

तेवढ्यात शेजारचे आण्णा आले. त्यांनी तीसेक वर्षं ऊस वाहिलाय. भाचीनं त्यांनाच विचारलं, “आण्णा, बैल गाडी कशाच्या जोरावर ओढतो?” आण्णा म्हणाले, “पायाच्या. पाय रुतायला पायजे पोरी. निसरड्यावर कितीबी ताकदीचा बैल लाव, जाग्यावरच पाय झाडतंय.”

उत्तर मिळालं. बैल खुरांनी जमिनीला मागं रेटतो, आणि जमीन बैलाला तेवढ्याच बलानं पुढं रेटते. आपल्या आकड्यांत जमीन बैलजोडीला ७६० न्यूटननं पुढं ढकलते. त्यातून गाडीची ६०० ची ओढ वजा केली की उरतात १६०. भागिले ८०० किलो, त्वरण पुन्हा ०.२. गाडीचं आणि बैलांचं त्वरण सारखं आलं, यायलाच हवं, कारण दोघं एकाच जुवाला जोडलेले आहेत. बैल गाडी ओढतो हे खरं, पण त्याला पुढं ढकलते ती जमीन. म्हणून तर डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या बैलांना नाल ठोकतात आणि गुळगुळीत ओल्या रस्त्यावर गाडीवान जपून हाकतो. मघाशी ज्या घर्षणाला आपण गती मारणारं म्हटलं, तेच इथं खुराखाली गती देतंय. आसाला वंगण घालून ते कमी करायचं आणि खुराखाली वाढवायचं, एवढ्यावर सगळी बैलगाडी चालते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चिखलात गाडी अडकली होती तेव्हा बैल ६०० नं ओढत होते आणि चिखल ६०० नं धरून होता असं समजू. तेव्हाही गाडी बैलांना ६०० नंच मागं ओढत होती. आता गाडी सुटून सपाटीवर एकसारख्या वेगानं चाललीय. बैलांना फक्त घर्षणापुरतं ४०० ओढावं लागतंय, आणि गाडीही त्यांना ४०० नंच मागं ओढतेय. गाडी अडकलेली असो, वेग घेत असो की निवांत चाललेली असो, ती जोडी नेहमी सारखीच. म्हणून वस्तू हलेल की नाही हे तिसऱ्या नियमाला विचारायचं नसतं. त्यासाठी एका वस्तूचं चित्र काढून दुसऱ्या नियमाकडे जायचं.

इथं एक चकवा आहे. त्यात शिकवणारेही कधी कधी सापडतात, म्हणून जरा थांबतो. टेबलावर पुस्तक ठेवलंय. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल त्याला वर रेटतं. दोन्ही बलं सारखी आणि विरुद्ध. मग ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी का? नाही. दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत, आणि जोडीतली बलं कधीच एका वस्तूवर नसतात. पृथ्वीनं पुस्तकाला ओढलं, तर तिची जोडीदार आहे पुस्तकानं पृथ्वीला वर ओढणं. टेबलानं पुस्तकाला रेटलं, तर तिची जोडीदार आहे पुस्तकानं टेबलाला दाबणं. नावं उलटवली की जोडी सापडते: क नं ख वर, ख नं क वर.

पटत नसेल तर लिफ्टमध्ये वजनकाटा घेऊन उभं राहा. तुमचं वस्तुमान ६० किलो असेल तर पृथ्वी तुम्हाला ५८८ न्यूटननं खाली ओढते. लिफ्ट वर निघताना १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण घेत असेल, तर काटा तुम्हाला ६४८ न्यूटननं वर रेटतो आणि ६६ किलो दाखवतो. ५८८ आणि ६४८ सारखे राहिले नाहीत. ती जोडी असती तर असं झालंच नसतं. काट्यानं तुम्हाला रेटलं ६४८ नं, तुम्ही काट्याला दाबलं ६४८ नं. ही खरी जोडी, आणि ती लिफ्टमध्येही मोडत नाही.

पुस्तक पृथ्वीला वर ओढतं हे ऐकून भाचीला खरं वाटेना. पण झाडावरून पडणारा दोनशे ग्रॅमचा आंबासुद्धा पृथ्वीला २ न्यूटननं स्वतःकडे ओढतो. बल सारखं, वस्तुमान वेगळं. आंब्याचा वेग दर सेकंदाला ‘सेकंदाला ९.८ मीटर’ इतका वाढतो. पृथ्वीचं वस्तुमान सहावर चोवीस शून्यं इतके किलो, म्हणून तिच्या वाट्याला येणारं त्वरण काढायचं तर दशांश चिन्हानंतर चोवीस शून्यं देऊन मग ३ लिहायचा.

बैलाला जमीन पुढं ढकलते, मग अवकाशात रॉकेटला कोण ढकलतं? तिथं जमीन नाही, हवाही नाही. ही शंका मोठमोठ्यांना आली होती. रॉकेट निर्वात जागेत चालेल असं अमेरिकेत शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडार्ड सांगत होते, तेव्हा १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखात लिहिलं की रेटायला काहीतरी लागतं हे साधं ज्ञानही त्यांना नाही. अपोलो ११ चंद्राकडे निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्याच वृत्तपत्रानं चूक दुरुस्त केल्याचं छापलं. रेटायला काहीतरी लागतं हे खरंच आहे. रॉकेट ते पोटात घेऊन निघतं. ते स्वतःच्या इंधनाचा तापलेला वायू मागं रेटतं, वायू रॉकेटला पुढं रेटतो. कोणी, कोणावर, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तयार आहेत. हवेचा संबंधच नाही. असली तर ती आडवीच येते.

संध्याकाळी भाचीनं स्वतःच एक प्रयोग मांडला. तिचा धाकटा भाऊ सहावीत, किरकोळ अंगाचा. मोठा आतेभाऊ कॉलेजात, रोज व्यायाम करणारा. तिनं मोठ्याला पायात मोजे घालायला लावून माजघरातल्या गुळगुळीत फरशीवर उभं केलं, धाकट्याला अनवाणी ठेवलं आणि दोघांच्या हातात दोरीची टोकं दिली. धाकट्यानं टाचा रोवून ओढलं. मोठा दंडाच्या शिरा ताणून ओढत होता आणि तसाच उभ्या उभ्या घसरत धाकट्याकडे चालला होता.

भाची तोवर कोळसा शोधत होती. सकाळच्या चित्रांखाली तिनं दोन माणसं काढली, वेगवेगळी. दोघांच्या हातांवर दोरीचे बाण सारख्याच लांबीचे. पायांखालचा मोठ्याचा बाण मात्र आखूड, धाकट्याचा लांब.